अंगण न झाडण्याचा वर्ग

यवतमाळ जिल्ह्यातून परत आल्यापासून आमच्या पुण्याच्या गच्चीबाग मंडळातल्या बायका मला एकच विचारतात, "मग, आलीस का शिकवून?" मी हो म्हणते आणि विषय बदलते. कोण कुणाला शिकवून आलं, याचा माझा मलाच अजून पत्ता लागलेला नाही. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. ज्याला कळत नसेल त्याला वर्गात उभं करायची माझी पद्धत होती. त्या आठ दिवसांत मीच उभी होते आणि बस म्हणायला कुणी नव्हतं. म्हणून हे लिहून काढते आहे, लिहिताना तरी काही उलगडेल अशा आशेनं.

निमित्त झालं कुसुमचं. कुसुम दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली शेतकरीण, वय तिशीच्या थोडं पुढं. तिच्यासारख्या दहाबारा जणी मिळून रविवारी आसपासच्या गावांत जातात आणि तिथल्या बायकांना परसबाग शिकवतात. घराजवळच्या झाडांवर शेतातलं औषध मारू नका, मोरीचं पाणी वाफ्यात सोडा, पालापाचोळा जाळू नका, तो मातीवर पसरा म्हणजे ओल टिकते, एवढंच त्यांचं सांगणं. पगार नाही, मानधन नाही, जीपमध्ये जागा मिळाली तर जीपनं, नाहीतर पायी. एका शिबिरासाठी त्या पुण्याला आल्या तेव्हा माझी गच्ची बघायला आल्या होत्या. बाकीच्या जास्वंदीचं कौतुक करत होत्या आणि ही बाई प्रत्येक कुंडीत बोट खुपसून ओल बघत होती. माझ्या कुंड्यांवर वाळक्या पानांचा चार बोटं थर असतो, त्याखालची माती भर उन्हाळ्यात गार असते. जाताना ती म्हणाली, "मॅडम, फागुनात आमच्या इकडे या. एक काम हाय. तुमच्याबिगर होत नाई." काम काय ते सांगितलं नाही. मी आपली कौतुकानं फुगले आणि तिकीट काढलं.

दारव्हा

ही कापसाची वाईट वर्षं आहेत. पेपरात यवतमाळचं नाव कशासाठी येतं ते मी वेगळं सांगायला नको. माझा मुलगा म्हणाला, "आई, लोक कुठल्या दिवसांतून जातायत आणि तू त्यांना वाफे कसले शिकवतेस?" मी त्याच्यावर चिडले. चिडले कारण माझ्याही मनात तेच होतं.

दारव्ह्याला बाजाराचा दिवस होता. स्टँडसमोर काळी-पिवळी जीप लावून एक दांडगा, मिशाळ माणूस माझीच वाट बघत होता. "तुमी पुन्याच्या मॅडम नं जी? मी गजानन. कुसुमचा मोठा भाऊ." एरवी त्याची जीप दुसऱ्या लाइनवर धावायची, तो राहायचाही तिकडेच, पण बहिणीची पाहुणी म्हणून तो मुद्दाम या रस्त्याला आला होता. त्यानं मला पुढं बसवलं. मागं किती माणसं बसली ते मी मोजायच्या भानगडीत पडले नाही. माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोथिंबिरीची जुडी होती आणि पायाशी एक कोंबडी, तिला मी आवडले नव्हते.

टेपवर मोठ्यानं गाणी लावून गजानन सुसाट निघाला. दोन्ही बाजूंना पळस फुलले होते. शेतांत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून ढीग लावलेले. वाऱ्यानं उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकून राहिला होता. एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटली. मधे एखादं गाव लागलं की हा सुसाट माणूस एकदम गाडी हळू करायचा, डावीउजवीकडच्या घरांवरून नजर फिरवायचा आणि गाव संपलं की पुन्हा पळवायचा.

"सवारी शोधता का?" मी विचारलं.

"नाई जी. असंच."

आमच्याकडे असंच म्हणून कुणी ब्रेक लावत नाही. पण पहिल्याच दिवशी किती प्रश्न विचारायचे म्हणून गप्प बसले.

गाव

गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. कुसुमचं घर कौलारू, आणि पुढं अंगण आमच्या अख्ख्या फ्लॅटहून मोठं. असं अंगण मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. खराट्यानं झाडून, शेणाचा सडा घालून लख्ख केलेलं. उंबऱ्यापुढं रांगोळी. कडेला भिंतीलगत वांगी, अंबाडी, वालाचा वेल, शेवग्याचं एक झाड, आणि त्यांच्या बुडाशी माती उघडी, तडकलेली. कोपऱ्यातला कडुनिंब पान गाळत होता. पान पडलं की कुसुमची सासू अनसूयाबाई उठायची, ते उचलायची आणि पुन्हा जागेवर येऊन बसायची. मी तासभर बघत होते. झाड थकेना आणि बाईही थकेना.

संध्याकाळी माझ्यासाठी रोडगे केले होते. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजून, राख झटकून, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. पुण्यात आम्ही पाहुण्याला "अजून घ्या ना" एकदा म्हणतो. इथं विचारत नाहीत, वाढतात. तिसऱ्या रोडग्याला मी हात टेकले. कुसुमचा नवरा प्रकाश कमी बोलणारा माणूस, तूप तेवढं सारखं वाढत होता. मधेच म्हणाला, "हिनं सात गावं शिकवली मॅडम. घरीच काई जमून नाई राह्यलं." कुसुम खाली बघून भाजी ढवळत राहिली.

भांडी घासताना तिनं माझं काम काय ते सांगितलं. तिकडच्या बायका स्वतःबद्दल सांगताना पुरुषासारखं "मी सांगतो, मी करतो" म्हणतात, ऐकायला मोठं गोड वाटतं.

"मी साऱ्या गावाइले सांगतो का माती झाकून ठेवा. बाया म्हनतात, पयले तुह्या घरी दाखव. दोन उन्हाळे झाले, वैशाखात आमचीच बाग वाळून जाते. लोकाइले कोनत्या तोंडानं सांगू? औंदा अंगन झाकलं नाई तं मी शिकवनं सोडून देतो, मॅडम. खोटं बोलल्यावानी वाटते."

"मग झाक ना. अडलंय कुठं?"

"बुढी नाई म्हनते. मी तिच्यापुढं बोलू शकत नाई. तुमी पाहुन्या. तुमाले ते नाई म्हननार नाई."

म्हणजे माझं ज्ञान नको होतं, माझं पाहुणेपण हवं होतं. जरा नाकाला झोंबलं. पण कुसुमचे डोळे भरून आले होते आणि मला वाटलं, एवढंच ना, चार पानं पसरायची.

दुसऱ्या दिवशी वर्ग घेतला. चौदा बायका आल्या. मी त्यांना सांगितलं, शेतातल्या पऱ्हाट्या वाया कशाला घालवता, तोडून वाफ्यांवर पसरा. सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "मंग चूल कायच्यावर पेटवाव बाई? तुमच्या पुस्तकावर?" इथं पऱ्हाटी म्हणजे सरपण आणि कुंपण, हे मला ठाऊक नव्हतं. मी कान धरले. मग पाल्याचं सांगितलं. गांडुळांबद्दल सांगितलं, ओलीबद्दल सांगितलं, एका वाफ्यावर करून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, नेमके प्रश्न विचारले. एकीनं तर वाळवीचं काय करायचं असं विचारलं, जे पुण्यात मला पाच वर्षांत कुणी विचारलेलं नाही. मी खूश.

पहाटे जाग आली ती खराट्यांच्या आवाजानं. एका घरातून नव्हे, सगळ्या गावातून. बाहेर येऊन बघते तर चौदाच्या चौदा अंगणं लख्ख, सडा, रांगोळी, पान म्हणून औषधाला नाही. सर्वांत जास्त मान डोलावणारीला मी गाठलं.

"काल हो म्हणालात ना?"

"हो जी."

"मग?"

"बरं नाई दिसत जी."

"म्हणजे काय होतं?"

"आपल्यात नाई चालत."

मग मी घरोघर फिरले, सगळीकडे हेच; पुढं विचारलं की बायका पदर सारखा करायच्या आणि गाईला पाणी दाखवायला जायच्या. गावात त्या दिवशी गाई फार पाणी प्यायल्या. शेवटी मी अनसूयाबाईंनाच धरलं आणि शास्त्र समजावून दिलं, अगदी वर्गात द्यायचे तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या पुन्यात घरापुढं अंगन हाय का?"

"नाही. गच्ची आहे."

"रस्त्यानं जानाराले दिसते?"

"गच्ची कशी दिसेल?"

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि खराटा घेऊन निंबाखाली गेल्या. बरोबर काय होतं ते मला कळलं नाही.

राजूर

मधले दोन दिवस कुसुमनं मला तिकडचं काम दाखवायला वणीकडे राजूरला नेलं. एसटीनं अर्धा दिवस गेला, ते सोडून देते. वणीजवळ आलो की रस्ता काळा, ट्रक काळे, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरची साखरसुद्धा मला करडी वाटली. राजूरला या शिकवणाऱ्या बायकांतलीच एक, वंदनाताई, खाणीत काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर राहते. तिच्या घराजवळ बुद्धविहार, विहारापुढं पिंपळ. त्या पिंपळाचा पाला वंदनाताई पोत्यांनी गोळा करते आणि आख्ख्या ओळीतल्या घरांनी तो आपापल्या वाफ्यांवर पसरलेला. कुणाची कुरकुर नाही. दुपारी भाकरी, ठेचा आणि पालकाची पातळ भाजी खाल्ली. पालक तोडला की ती आधी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होती, कोळशाची धूळ जावी म्हणून. मग धुवायचा, मग चिरायचा. पालक एवढ्या मायेनं पुसलेला मी प्रथमच पाहिला.

"इथं सगळ्यांनी ऐकलं, मग कुसुमच्या गावात घोडं कुठं पेंड खातंय?" मी विचारलं.

वंदनाताई कुसुमकडे बघून म्हणाली, "इथं ताई, झाडलं काय अन् नाई झाडलं काय, घंट्याभरात सारं काळं. अंगन पाहून कोनाले काई समजत नाई. गावातलं अलग असते. कुसुम सांगन."

परतताना बसमध्ये मी कुसुमला सांग म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "नाव नाई घेऊ वाटत मॅडम. मंग सांगतो." कशाचं नाव, तेही बोलली नाही. माझं डोकं आता पार भणभणलं होतं. स्वच्छतेचा प्रश्न असेल तर तसं सांगा, शेजाऱ्यांची लाज असेल तर तसं सांगा. प्रौढ बायका आणि कोडी कसली घालतात, असं मनात आलं, आणि तो राग घेऊनच मी अनसूयाबाईंपुढं जाऊन बसले. म्हटलं, "मी तीन दिवसांनी जाणार. पाहुणी म्हणून एक मागते. तुमचं अंगण द्या."

त्यांनी पुढ्यात पडलेलं एक पान उचललं. "पाहुनीले नाई कसं म्हनाव. पन मी सांगून ठेवतो, बरं होनार नाई."

मला वाटलं, जिंकले.

झाकलेलं अंगण

सकाळी अनसूयाबाईंनी खराटा हातात घेतला नाही. सडा नाही, रांगोळी नाही. त्या चुलीपाशी जाऊन बसल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. प्रकाश पंपाचा वायसर आणायला सायकलवरून दारव्ह्याला गेला. बायका जमल्या, बिचकत बिचकत. निंबाचा, पळसाचा, सागाचा पाला पोत्यांनी आणला होता. मी पदर खोचून पुढं. वाफे झाकले, वाट झाकली. उंबऱ्याजवळ येऊन सगळ्या थांबल्या तर मीच म्हटलं, "थांबलात काय, थेट उंबऱ्यापर्यंत घ्या." कुसुमनं माझ्याकडे पाहिलं आणि शेवटची टोपली ओतली. तिचा चेहरा मात्र फुलला होता. ती वाकून पाल्याखाली सारखी हात घालून बघत होती, जशी काही ओल आत्ताच येणार होती.

मग मला शाळेतली हौस आली. उन्हामुळं सगळ्यांनी डोक्यावरून पदर ओढून घेतले होते. मी म्हटलं, एकेक मूठ माती घ्या, खाली बसा, डोळे मिटा आणि दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही, नुसता मातीचा वास घ्यायचा. चौदा बायका पाल्यात बसल्या, माना खाली, मुठीत माती. छान शांतता झाली. त्या शांततेत गजाननची जीप येऊन थांबली. बहिणीच्या वाफ्यांसाठी तो जीपमधून पाल्याची दोन पोती घेऊन आला होता; अख्खं अंगणच झाकायचं ठरलंय हे त्याला ठाऊक नव्हतं.

तो कुंपणापाशी आला. त्यानं अंगणाकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. एवढा दांडगा माणूस तिथंच धुळीत बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हंबरडा फोडला. "कधी झालं वं बाई? मले काहून नाई सांगतलं?"

कुसुमनं डोळे उघडले. भाऊ धुळीत बसून रडतोय एवढंच तिला दिसलं. ती किंचाळली, "माय? माय गेली का रे?" आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. तो तिला रडताना बघून आणखी रडायला लागला. इकडे चौदा बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणाचं काय झालं ते मला सोडून सगळ्यांना कळलेलं दिसत होतं. मी मूठभर माती घेऊन मधोमध उभी.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. प्रकाश. त्यानं आपल्या अंगणात रडणारी बायको पाहिली, रडणारा मेहुणा पाहिला, सगळं गाव पाहिलं. सायकल हातातून सुटली. "मायले काय झालं?" म्हणत तो घराकडे पळाला आणि दारातच आईवर आदळला. गलबला ऐकून अनसूयाबाई बाहेर येत होत्या. "मले काय होते? कायले बोंबलून राह्यले सारे?"

मग हळूहळू उलगडा झाला. गजाननला वाटलं होतं, प्रकाश गेला. कुसुमला वाटलं, माहेरची आई गेली. प्रकाशला वाटलं, त्याची आई गेली. आणि सगळे तर जागच्या जागी होते. कुणीतरी हसलं, मग सगळ्या बायका डोळे पुसत पुसत हसायला लागल्या. मीही हसले, काही न कळताच.

प्रकाश हसला नाही. तो गजाननकडे बघत म्हणाला, "म्हंजे मी मेलो असन, हे तुले पाह्यल्याबरोबर पटलं."

गजानन मान खाली घालून हातावरची धूळ झटकत राहिला. प्रकाशनं पडलेली सायकल उचलली, घंटी वाकडी झाली होती ती सरळ केली आणि वायसर घेऊन शेताकडे निघून गेला.

अनसूयाबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता बोलणी खाणार. त्या अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं बोलल्या. "आमच्या इकडं घरात कोनी गेलं का अंगन झाडत नाई बाई. सडा नाई, रांगोळी नाई. पाला पडला का पडू देतात. म्हनून ज्याच्या घरी सारे हायेत ते रोज झाडते. ह्या सालात तं लयच ध्यान ठेवा लागते. लोक रस्त्यानं जाता जाता पाह्यतात."

गजाननचा तो ब्रेक माझ्या ध्यानात आला. "असंच," म्हणाला होता.

मी तिथंच पायरीवर बसले. चौदा घरी "बरं नाई दिसत" हे मी ऐकलं होतं आणि त्याचा अर्थ मी आळस, लाज, अडाणीपणा असा सगळा लावून झाला होता. पस्तीस मुलांच्या वर्गासमोर मला कधी लाज वाटली नव्हती, ती त्या पायरीवर वाटली. आणि तरी गोंधळ संपला नव्हता. माती झाकायला हवी हे खरंच होतं. उघड्या मातीत कुसुमची बाग वैशाखात मरणार हेही खरं. मग मी बरोबर होते की चूक?

कुसुमनं सूप घेतलं आणि उंबऱ्यापासून पाला गोळा करायला सुरुवात केली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू द्या मॅडम. उद्या सकाळी सारं काढतो. आता मी कोनाले शिकवाले नाई जात." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळ

पहाटे खराट्याचा आवाज आला. एकाच खराट्याचा, आमच्याच अंगणातला; बाकी गाव अजून उठायचं होतं. संपलं, असं म्हणून मी पडून राहिले. पण तो आवाज लवकर थांबला. मोठं अंगण इतक्या लवकर झाडून होत नाही, म्हणून उठून बाहेर आले.

अनसूयाबाईंनी उंबऱ्यापुढचा दोन हात तुकडा तेवढा साफ केला होता. त्यावर सडा टाकला होता आणि त्या खाली बसून रांगोळी काढत होत्या, रोजच्या दुप्पट मोठी, रस्त्यावरून दिसेल अशी. बाकीचा पाला जिथल्या तिथं होता. कुसुम रिकामी टोपली घेऊन शेजारी उभी होती.

"एवढं मी करीन रोज," सासू मान वर न करता म्हणाली. "बाकीचं तुह्यं. रस्त्यानं जानाराले दिसलं म्हंजे झालं, का घरी सारे हायेत."

कुसुमनं टोपली खाली ठेवली आणि सासूच्या पाठीमागं बसून तोंडात पदर कोंबून रडली. निंबाच्या काडीनं दात घासत प्रकाश ओट्यावर बसला होता. रांगोळीकडे बघून म्हणाला, "म्हंजे मी जिता हाव, हे आता रोज सकाळी लिहून लावनार." आणि आठवड्यात पहिल्यांदा तो हसला. त्याच्या हसण्यावर अनसूयाबाईंनी त्याला रांगोळीचं बोट लावून कपाळावर पांढरा ठिपका दिला, तो त्यानं दिवसभर पुसला नाही.

दुपारपर्यंत बायका येऊन येऊन बघून गेल्या. मला न विचारता त्यांनी आपापसात ठरवलं: दोन हात दाराचे, बाकी झाडांचे. मी निघाले त्या सकाळी गावात सहा अंगणं झाकलेली होती आणि सहा उंबऱ्यांपुढं मोठ्या मोठ्या रांगोळ्या होत्या. हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुढच्या रविवारी कुसुम शेजारच्या गावात वर्ग घेणार होती, त्यासाठी तिनं मला खडूनं पाटीवर चित्र काढायला लावलं. वाफे मी काढले, रांगोळी तिनं काढली.

निघताना

गजाननच न्यायला आला. कुसुम दारव्ह्यापर्यंत सोडायला निघाली. तिच्या सासूनं मला मुगवड्यांची पिशवी दिली होती, ती मांडीवर घेऊन मी पुढं बसले होते आणि फार आनंदात होते, ते कबूल करते. टेपवर गाणी होती. गाव आलं की गजानन गाडी हळू करायचा आणि आता मलाही ठाऊक होतं तो काय बघतोय. मीही बघत होते. रांगोळी, रांगोळी, रांगोळी. हात जोडावेत असं वाटत होतं प्रत्येक घराला.

तिसरं की चौथं गाव. रस्त्याला लागून एक घर, दारात मोठा कडुनिंब आणि अंगणभर पाला, छान जाड, कुठं माती दिसत नाही असा. पाल्यात बायका बसलेल्या, डोक्यावरून पदर घेऊन, गप्प. माझ्या तोंडून निघून गेलं, "कुसुम, बघ बघ, तुझा वर्ग इथपर्यंत आला." मी खिडकीतून हात बाहेर काढून त्या बायकांना हलवलासुद्धा.

गजाननानं टेप बंद केला. कुसुमनं मागून माझं मनगट धरलं आणि हात आत ओढला. "मॅडम," ती कानाशी म्हणाली, "दारापुढं पाहा."

दारापुढं काही नव्हतं. थेट उंबऱ्यापर्यंत पाला होता.

गजाननानं जीप कडेला घेतली आणि उतरला. मागचे पुरुष एकेक करून उतरले आणि त्याच्या मागोमाग गेले. ओळखीचे होते की नव्हते, मी विचारलं नाही. बायकांनी पदर पुढं ओढले आणि त्याही उतरल्या. कुसुम माझ्यासाठी थांबली होती. मी मुगवड्या सीटवर ठेवल्या, साडीचा पदर डोक्यावरून घेतला, मी कधी घेत नाही, आणि तिच्यामागं गेले. पायाखाली पाला वाजत होता. तो कुणी पसरला नव्हता, झाडानं टाकला होता आणि कुणी उचलला नव्हता.

एक बाई सरकली आणि तिनं मला शेजारी बसवलं. कोण गेलं ते मला माहीत नव्हतं आणि तिला मी माहीत नव्हते. जरा वेळानं तिनं हळू आवाजात विचारलं, "कोठून आल्या माय?"

"पुण्याहून," मी म्हटलं.

ती पलीकडच्या बाईकडे वळली. "पाह्य, किती दुरून आल्या," म्हणाली, आणि माझा हात आपल्या हातात घेऊन बसली.